करारातला आकडा सगळ्यात शेवटी वाचा: न्यूयॉर्क मेट्सच्या एका चाहत्याचं मत



आपण इथे जीएसटी, उधारी, दुकानाचं भाडं, कामावर पहिला माणूस कसा ठेवायचा अशा गोष्टी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. बेसबॉल. घाबरू नका, खेळाचे नियम शिकवायचे नाहीयेत. न्यूयॉर्क मेट्स या संघाने गेल्या काही हिवाळ्यांत खेळाडूंशी जे करार केले आणि जे होता होता राहिले, त्यावर बोलायचंय. न्यू जर्सीतल्या चुलतभावाच्या नादाने मी या संघाचा चाहता झालो आणि आता काही सुटका नाही. तिकडे संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजत आलेले असतात. चहा आणि मेट्स एकदमच.

तर झालं असं, की डिसेंबर २०२५ मध्ये आमचा लाडका पीट अलोन्सो मेट्स सोडून बाल्टिमोर ओरिओल्सकडे गेला. चाहत्यांचे लगेच दोन गट पडले. एक गट म्हणतो, मालक कंजूष निघाला. दुसरा म्हणतो, खेळाडू पैशामागे गेला. माझं मत या दोघांपेक्षा वेगळं आहे. तो जाणार की राहणार हे ठरवायचा हक्क कुणाकडे असेल, हे फेब्रुवारी २०२५ मध्येच कागदावर लिहून झालं होतं. सगळे आकडा वाचत बसले आणि ते एक कलम कुणी नीट वाचलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथे लिलाव होतो, प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, हातोडा पडला की विषय संपला. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये असा लिलाव नाही. खेळाडूची वरच्या पातळीवर सहा वर्षं सेवा होईपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क असतो. त्यानंतर करार संपला की तो मोकळा, म्हणजे ‘फ्री एजंट’. मग हिवाळ्यात त्याचा एजंट एकेका संघाशी बोलणी करतो. संघाच्या एकूण पगारावर पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं की दंडवजा कर भरावा लागतो, एवढंच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या करारातला पैसा साधारणपणे हमीचा असतो. खेळाडूचा गुडघा मोडला, फॉर्म गेला, तरी संघाला पैसे द्यावेच लागतात. म्हणजे सही केली त्या दिवशी सगळी जोखीम मालकाच्या डोक्यावर. पुढचं सगळं समजायला एवढं पुरे.

अलोन्सोचा हिशोब

अलोन्सो मेट्सच्याच हाताखाली तयार झालेला. २०१९ मध्ये आला आणि पहिल्याच हंगामात ५३ होम रन मारले. नवख्या खेळाडूसाठी तो विक्रम होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिलवॉकीविरुद्ध शेवटच्या डावात संघ हरायच्या बेतात असताना त्याने होम रन मारून आम्हाला वाचवलं. असा माणूस कुठल्या चाहत्याला नको असेल?

आता पैसे बघा. बातम्यांनुसार २०२३ मध्ये मेट्सने त्याला ७ वर्षांसाठी १५.८ कोटी डॉलर देऊ केले होते. तो नाही म्हणाला. पुढच्या वर्षी तो मोकळा झाला, तेव्हा एका वर्षासाठी २.१०५ कोटी डॉलरचा ठरलेला देकारही त्याने नाकारला. आणि मग बाजार थंड पडला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, मनासारखा मोठा करार काही येईना. मालक स्टीव्ह कोहेन चाहत्यांच्या कार्यक्रमात जाहीरपणे म्हणाले, की ही बोलणी दमवणारी आहेत. समोर लोक पीटच्या नावाचा गजर करत होते. तेव्हा सगळीकडे एकच सूर होता: याने हावरटपणा केला, हातचं घालवलं.

शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये करार झाला. २ वर्षं, ५.४ कोटी डॉलर. पहिल्या वर्षी ३ कोटी, दुसऱ्या वर्षी २.४ कोटी. आणि एक कलम: पहिल्या वर्षानंतर खेळाडूला वाटलं तर तो बाहेर पडू शकतो. याला तिकडे ‘ऑप्ट-आउट’ म्हणतात. आपण त्याला दार म्हणू.

२०२५ मध्ये तो सगळे १६२ सामने खेळला, ३८ होम रन मारले, ऑगस्टमध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२ होम रनचा मेट्सचा विक्रम मोडला. हंगाम संपल्यावर दार उघडून निघून गेला. बाल्टिमोरशी करार ५ वर्षांचा, १५.५ कोटी डॉलरचा.

आता बेरीज करा. २०२४ चा पगार २.०५ कोटी, २०२५ चे ३ कोटी, पुढच्या पाच वर्षांचे १५.५ कोटी. एकूण २०.५५ कोटी डॉलर. वर्षं किती? २०२४ ते २०३०, सातच. नाकारलेला करारही त्याच सात वर्षांचा होता, १५.८ कोटींचा. फरक ४.७५ कोटी डॉलर.

मित्रांनो, इथे घाई करून ‘पहिली ऑफर कायम नाकारा’ असा धडा घेऊ नका. २०२४ मध्ये किंवा २०२५ मध्ये त्याचं मनगट मोडलं असतं तर हाच हिशोब उलटा लागला असता. त्याने स्वतःच्या अंगावर जोखीम घेतली आणि ती फळली. महत्त्वाचं काय? बाजार पडलेला असताना त्याने रकमेसाठी ओढाताण करण्याऐवजी दार मागून घेतलं. पडत्या काळात जास्त पैसे मिळणार नव्हते, पण पुन्हा बाजारात उभं राहण्याचा हक्क मिळाला.

तो करार खरंच दोन वर्षांचा होता का?

कागदावर दोन वर्षं. पण नीट बघा. खेळाडू वाईट खेळला असता तर तो थांबला असता आणि मेट्सला दुसऱ्या वर्षाचे २.४ कोटी द्यावे लागले असते. चांगला खेळला तर निघून जाणार. म्हणजे वाईट खेळला तर करार दोन वर्षांचा आणि चांगला खेळला तर एका वर्षाचा. तोट्याचं वर्ष संघाकडे, फायद्याचं वर्ष खेळाडूकडे.

मग मेट्स मूर्ख होते का? अजिबात नाही. त्या बदल्यात त्यांना लांबचं ओझं टाळायचं होतं. अलोन्सो डिसेंबर २०२५ मध्ये ३१ वर्षांचा झाला. फर्स्ट बेसवर खेळणारा, मुख्यतः ताकदीवर चालणारा खेळाडू पस्तिशीत कसा खेळेल ही भीती कुठल्याही व्यवस्थापकाला असते, आणि बातम्यांनुसार पाच वर्षं द्यायची त्यांची तयारी नव्हती. हा विचार समजण्यासारखा आहे. एक वर्ष त्यांना उत्तम खेळाडू मिळाला, लांबची बांधिलकी न घेता. त्याची किंमत म्हणजे ते दार. दिलेल्या दारातून माणूस गेला म्हणून त्याला कृतघ्न म्हणायचं? छे. ते आधीच किमतीत धरलेलं होतं.

एडविन डियाझचंही तेच. हा आमचा शेवटच्या डावातला हुकमी पिचर. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५ वर्षं, १०.२ कोटी डॉलर. मार्च २०२३ मध्ये तो वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोकडून खेळला. सामना जिंकल्याचा आनंद साजरा करताना गुडघ्याची शीर तुटली आणि अख्खा हंगाम बुडाला. त्या स्पर्धेसाठी खेळाडूंचा विमा असतो, त्यामुळे पगाराचा भार बऱ्याच अंशी विम्यावर गेला. नाहीतर एक चेंडू न टाकता संघाच्या खिशाला मोठी कात्री. त्याच्याही करारात तिसऱ्या वर्षानंतर दार होतं. २०२५ संपल्यावर त्याने ते उघडलं आणि लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला, ३ वर्षांसाठी ६.९ कोटींवर.

न केलेला सौदा

डिसेंबर २०२२ ची गंमत सांगतो. कार्लोस कोरिया नावाचा मोठा खेळाडू सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षांचा, ३५ कोटी डॉलरचा करार करणार होता. वैद्यकीय तपासणीत जुन्या पायाच्या दुखापतीवरून शंका निघाली आणि गाडी अडली. लगोलग मेट्सने उडी मारली, १२ वर्षं, ३१.५ कोटी. आम्ही चाहते नाचलो! मग मेट्सच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांनाही तोच पाय खटकला. बोलणी लांबली, आणि शेवटी कोरिया मिनेसोटा ट्विन्सकडे ६ वर्षं, २० कोटींच्या हमीवर गेला.

पुढे काय झालं? जुलै २०२५ मध्ये ट्विन्सने त्याला त्याच्या जुन्या ह्यूस्टन संघाकडे परत दिलं आणि वर ३.३ कोटी डॉलर स्वतःच्या पदरचे भरले.

माझ्या मते त्या हिवाळ्यातला मेट्सचा सगळ्यात चांगला करार म्हणजे न झालेला हा करार. लोक टाळ्या वाजवत असताना, बातमी सगळीकडे गेलेली असताना, ‘थांबा, आधी रिपोर्ट बघू’ म्हणायला धाडस लागतं. दुकान घेताना सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड न बघता टोकन देणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

त्याच हिवाळ्यात त्यांनी उलटंही केलं. आधीच्या वर्षी मॅक्स शर्झरला ३ वर्षांसाठी १३ कोटी दिले होते. आता चाळिशीकडे झुकलेल्या जस्टिन व्हर्लँडरला २ वर्षांसाठी ८.६७ कोटी दिले. दोघंही इतिहासातले थोर पिचर. पण पैसे कशाचे दिले? बऱ्याच अंशी मागच्या कामगिरीचे. २०२२ ला १०१ सामने जिंकलेला संघ २०२३ ला ७५ वर आला, दोघांनाही हंगामाच्या मध्यातच दुसरीकडे दिलं, आणि त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा मेट्सनेच भरायचं कबूल केलं.

पंचवीस वर्षांचा हप्ता

मेट्सचं नाव निघालं की लोक बॉबी बोनियावरून हसतात. दरवर्षी १ जुलैला त्याचा ‘दिवस’ साजरा होतो. गोष्ट अशी. २००० च्या हंगामाआधी मेट्सला तो नको होता, पण त्याचे ५९ लाख डॉलर देणं बाकी होतं. तेव्हाच्या मालकांनी ठरवलं: आता काही नको, ८ टक्के व्याज धरून २०११ पासून २०३५ पर्यंत दरवर्षी ११,९३,२४८ डॉलर देऊ. एकूण सुमारे २.९८ कोटी डॉलर. माणूस कधीचा निवृत्त, पण हप्ता चालू.

हसायला सोपं आहे. पण ८ टक्के व्याजाने पैसे उशिरा देणं यात मुळात वेडेपणा नव्हता. वाचलेला पैसा तुम्ही त्याहून जास्त परतावा देणाऱ्या ठिकाणी लावलात तर फायदाच. अडचण दुसरीकडे होती. त्या मालकांचा पैसा बर्नी मॅडॉफकडे होता, तिथला परतावा ८ टक्क्यांच्या वर दिसत होता. डिसेंबर २००८ मध्ये मॅडॉफ पकडला गेला आणि तो परतावा नुसता कागदावरचा होता हे कळलं. मिळकत खोटी निघाली, देणं खरं राहिलं.

म्हणून कुणी ‘आता काही देऊ नका, पुढे सावकाश द्या’ म्हणालं की हुरळून जाऊ नका. सहा महिन्यांच्या उधारीवर मशीन घेताय? मग ते पैसे सहा महिन्यांनी कुठून येणार, ते आज कागदावर लिहा. ‘धंदा वाढेल तेव्हा बघू’ हे उत्तर चालणार नाही.

मग मेट्सचं चुकलं कुठे?

इथे माझं खरं म्हणणं येतं. अलोन्सोला दार दिलं याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दाराला कडी लावली नाही, याबद्दल आहे.

कडी म्हणजे काय? त्याच मेट्सने डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. त्यातही पाच वर्षांनंतर खेळाडूला बाहेर पडायचा हक्क आहे. पण तिथे संघाने एक कलम टाकून घेतलं: उरलेल्या दहा वर्षांसाठी दरवर्षी ४० लाख डॉलर जास्त दिले, तर संघ ते दार बंद करू शकतो. म्हणजे दार आहे, पण ते बंद करायची किंमत आजच ठरलेली आहे. पाच वर्षांनी भांडण नाही, रडारड नाही.

अलोन्सो आणि सोटो, दोघांचा एजंट एकच, स्कॉट बोरास. मालकही तोच. दोन करारांत दोन-तीन महिन्यांचं अंतर. एका करारात जे सुचलं ते दुसऱ्यात का नाही? ‘तू चांगला खेळलास तर अमुक रकमेला आणखी तीन वर्षं’ असं कलम टाकता आलं असतं. बोरास कदाचित नाही म्हणाला असता. पण फेब्रुवारीत, बाजार थंड असताना, पारडं मेट्सचं जड होतं. असं कलम मागायची वेळ तीच होती. डिसेंबरमध्ये, ३८ होम रननंतर, ती वेळ निघून गेली होती.

आता या हिवाळ्यात बघतो, तर बो बिशेटशी ३ वर्षं, १२.६ कोटींचा करार झाला, आणि त्यात पहिल्या दोन्ही वर्षांनंतर खेळाडूला दार आहे. पुन्हा तेच! तो चांगला खेळला तर पुढच्या डिसेंबरमध्ये आम्ही चाहते परत गळा काढणार. कोहेन यांचा खिसा खोल आहे. त्यांनी हा संघ २०२० मध्ये सुमारे २४० कोटी डॉलरला घेतलाय, एक चुकीचा करार ते पचवू शकतात. २०२३ सारखा हंगाम वाया गेला तरी दुसऱ्या वर्षी त्यांचं मैदान उघडतंच.

तुमचं आमचं तसं नाही. भांडवल दहा लाख आणि त्यातले चार चुकीच्या भाड्याच्या करारात अडकले, तर पुढच्या वर्षी शटर उघडत नाही. म्हणून हे सगळं त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळायला हवं.

तुमच्या पुढच्या करारासाठी

भाड्याची जागा असो, डीलरशिप असो, की हातखंडा असलेला कारागीर, सही करण्याआधी चार ओळी वहीत लिहा. आकडा पाचव्या ओळीला.

१. बिनसलं तर नुकसान कुणाचं? माल परत घेणार कोण, मशीन बंद पडलं तर त्या दिवसांचं काय, विमा आहे का.

२. बाहेर पडायचं दार कुणाकडे आहे? जागेच्या करारातला लॉक-इन तुम्हाला एकट्याला बांधतोय की मालकालाही? धंदा जमला आणि अकराव्या महिन्यात मालकाने जागा मागितली तर?

३. दाराला कडी आहे का, आणि तिची किंमत आज ठरलीय का? नूतनीकरणाला भाडं किती टक्के वाढणार, हे आजच लिहून घ्या. तुमचं दुकान चालायला लागल्यावर मागाल तर भाव वेगळा असेल.

४. पैसे कधी जाणार, आणि त्या दिवशी ते कुठून येणार?

कारागिराबद्दल एक वेगळी सूचना. ‘सोडून गेलास तर या धंद्यात काम करायचं नाही’ असं लिहून घ्यायची अनेकांना हौस असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन साधारणपणे टिकत नाही. तिथे भिंत बांधता येत नाही. कडी लावता येते: वर्षभर टिकला तर बोनस, दोन वर्षांनी नफ्यात वाटा, आकडे आजच कागदावर. आणि त्याच दिवसापासून दुसऱ्या एकाला हाताखाली तयार करायला घ्या. मेट्सने अलोन्सोच्या जागी हॉर्हे पोलँकोला आणलंय. चांगला बॅटर आहे, पण फर्स्ट बेसवर जवळजवळ कधीच खेळलेला नाही. दार दिलेलं वर्षभर माहीत होतं, तरी त्या जागेसाठी माणूस तयार नव्हता. चाहता म्हणून मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

पीट गेला. वाईट वाटलं, वाटणारच. मार्चअखेर नवा हंगाम सुरू होईल, पहाटेचा चहाही चालू राहील. बाल्टिमोर न्यूयॉर्कला आलं की मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवेन.

तोपर्यंत एक काम करा. घरात किंवा दुकानात पडलेला तुमचा एखादा जुना करार काढा आणि त्यात दार कुणाकडे आहे ते शोधा. सापडलं की कमेंटमध्ये लिहा, नावं-गावं न टाकता. त्यातले तीन-चार करार घेऊन पुढच्या व्हिडिओत कलमवार बोलू.

भेटूया!